वाचतो कोण? : मुलांसाठी ऑनलाइन वाचन-कार्यक्रम निवडताना

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शेजाऱ्यांकडे त्यांची नात आली होती. इयत्ता दुसरीतली, बोलायला चुणचुणीत. आणि वर्षाची वर्गणी भरून घेतलेल्या एका वाचन-कार्यक्रमात तिने बाराशेच्या वर तारे मिळवले असल्यामुळे तिच्या वाचनाचे घरात मोठे कौतुक चालले होते. टॅब्लेटवर 'माकड' हा शब्द उमटे, त्याखाली माकड, बदक आणि जहाज अशी तीन चित्रे येत, आणि पोरीचे बोट क्षणाचाही विलंब न लावता माकडावर पडे. लगेच घंटा वाजे, तारा चमके आणि एक मधाळ आवाज 'शाब्बास' म्हणे. मी सहज, जवळच पडलेल्या वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर पेन्सिलीने 'माळ' हा शब्द लिहिला आणि तिच्यापुढे धरला. 'माकड', ती ठामपणे म्हणाली. मग मी 'मासा' लिहिले, तेव्हा ती थबकली, कागदाची दुसरी बाजू तिने उलटून पाहिली आणि विचारले, "आजोबा, ह्याचं चित्र कुठंय?"

मुलगी मंद नव्हती, आईबापांनी खर्चात कसूर केली नव्हती, आणि कार्यक्रम तयार करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घ्यावी असेही मला काही दिसले नाही. परंतु पहिल्या अक्षरावर ओझरती नजर टाकून बाकीचे चित्रावरून ताडण्याची जी युक्ती त्या खेळाने तिला नकळत शिकवली होती, तिच्या जोरावर ती सहा महिने तारे गोळा करीत राहिली, आणि शब्द अखेरपर्यंत वाचण्याची पाळी तिच्यावर फारशी आलीच नाही.

२०२० साली साथीमुळे शाळांची दारे बंद झाली आणि घरोघरी मुलांच्या हाती मोबाइल देणे भाग पडले, तेव्हापासून अशा कार्यक्रमांचा बाजार फोफावला आहे. पालकांना जाहिराती येतात, मुख्याध्यापकांच्या दालनात कंपन्यांचे प्रतिनिधी प्रात्यक्षिके घेऊन रुजू होतात, आणि देणगीत आलेल्या टॅब्लेटांचे करायचे काय, हा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत निघतो. ह्या सर्वांना पारख करण्याची एक साधी रीत सांगावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. आणि त्या रीतीचे सार 'वाचतो कोण?' ह्या दोन शब्दांच्या प्रश्नात आहे. पडद्यावर अक्षरे आहेत, चित्रे हलत आहेत, गोड आवाज कानी पडत आहे. पण अक्षरांवरून अर्थापर्यंत जाण्याचे श्रम ह्या क्षणी मूल करीत आहे, की यंत्र त्याची मुखत्यारी पत्करून बसले आहे?

वाचन म्हणजे काय, हे आधी ठरवावे

फिलिप गफ आणि विल्यम टनमर ह्या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाची एक सुटसुटीत मांडणी केली. लिपी उलगडण्याची शक्ती आणि भाषा समजण्याची शक्ती ह्यांचा गुणाकार म्हणजे वाचन, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. बेरीज नव्हे, गुणाकार. म्हणजे दोहोंपैकी एक जरी शून्य असेल तरी फळ शून्यच. अक्षरे खडाखड म्हणणारे पण वाक्याचा अर्थ न सांगता येणारे मूल, आणि गोष्ट ऐकून तिचे मर्म सांगणारे पण छापील ओळीपुढे मुके होणारे मूल, ही दोन्ही अद्याप वाचक झालेली नाहीत. मात्र दोघांचे औषध अगदी भिन्न आहे. पुढे २००० साली अमेरिकेतील 'नॅशनल रीडिंग पॅनेल' ह्या समितीने उपलब्ध संशोधनाचा धांडोळा घेऊन वाचनशिक्षणाची पाच अंगे पुढे मांडली: बोलीतील सुटे ध्वनी ओळखणे, अक्षर व ध्वनी ह्यांचा संबंध, ओघवते वाचन, शब्दसंग्रह आणि आकलन.

ही पाच नावे ध्यानात ठेवण्याचा व्यावहारिक लाभ असा, की कोणताही कार्यक्रम समोर आला म्हणजे तो ह्यांपैकी नेमके कोणते काम करतो, असे विचारता येते. एखादा अक्षरांचा सराव चांगला घेतो, एखादा गोष्टींचा साठा पुरवतो, एखादा मुलाचे वाचन ऐकतो. पाचही अंगे एकाच वर्गणीत पुरी पाडण्याचे आश्वासन जो देतो, त्याच्याकडून प्रत्येक अंगाचा नमुना मागून घ्यावा. आणि जो आपली मर्यादा आधीच सांगून टाकतो, त्याच्या शब्दावर थोडा अधिक विश्वास ठेवायला हरकत नाही.

इयत्ता नव्हे, पायरी पाहावी

कार्यक्रम पाहण्याच्या आधी मूल पाहावे. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेल्या 'असर' पाहणीतील वाचनचाचणी ह्या कामी नमुनेदार आहे: एकाच कागदावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. ज्या पायरीवर मूल सहजतेने उभे राहते ती त्याची पायरी. मग दाखल्यावर त्याची इयत्ता कोणतीही असो. ह्या चाचणीचे मराठी नमुने विनामूल्य मिळतात आणि एका मुलाची तपासणी दहा मिनिटांच्या आत उरकते. चौथीतले मूल शब्दांच्या पायरीवर सापडले तर त्याला रागावू नये, आणि चौथीचा कार्यक्रमही देऊ नये.

बहुतेक कार्यक्रम प्रारंभी आपली स्वतःची प्रवेशचाचणी घेतात. ती होऊ द्यावी आणि तिचा निकाल आपल्या कागदी निकालाशी ताडून पाहावा. शब्दांवर अडखळणाऱ्या मुलाला यंत्राने गोष्टीच्या पायरीवर बसवले असेल, किंवा केवळ इयत्ता विचारून सर्वांना एकाच पाठापाशी नेऊन सोडले असेल, तर पुढची तपासणी करण्याचे श्रम वाचले असे समजावे.

येथे वेगाविषयी एक इशारा. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट म्हणून ते ठीक. पण मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येत असल्यामुळे 'झाडाखालच्यांनासुद्धा' हा हिशेबाला एकच शब्द भरतो, आणि हाच मजकूर इंग्रजीत लिहिला तर चार-पाच शब्द होतात. म्हणून परदेशी कोष्टकाप्रमाणे मराठी वाचनाचा वेग मोजून मुलाला 'मागे' ठरवणारा कार्यक्रम चुकीच्या मापाने कापड मोजत आहे, हे ओळखावे. वेग मोजायचाच असेल तर तो मुलाच्या स्वतःच्या मागच्या महिन्यातील वेगाशी ताडून पाहावा, आणि तोही मजकुराची काठिण्यपातळी तीच ठेवून.

मराठीची कसोटी

पुष्कळशा कार्यक्रमांची मूळ घडण इंग्रजीसाठी किंवा हिंदीसाठी झालेली असते, आणि मराठी आवृत्ती मागाहून शिवलेल्या अस्तराप्रमाणे आत बसवलेली असते. हे शिवण कोठे उसवते ते पाहण्यासाठी भाषातज्ज्ञ असण्याची गरज नाही. मराठी बोलणाऱ्या कोणालाही ते अर्ध्या तासात दिसेल.

प्रथम अक्षरांचे वळण पाहावे. मराठीतील ल आणि श हिंदीतल्याहून निराळ्या वळणाने लिहिले जातात, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे व लिपीचे प्रमाणरूप ठरवून दिलेले आहे. तथापि पडद्यावरचा टंक हिंदीच्या सोयीने निवडलेला असला म्हणजे मूल पाठ्यपुस्तकात एक ल पाहते आणि टॅब्लेटवर दुसरा. मोठ्या माणसाला हा भेद जाणवतही नाही, पण जे मूल नुकतेच अक्षरांशी ओळख करून घेत आहे त्याच्या दृष्टीने ते दोन अनोळखी इसम असतात. ळ हे अक्षर मुळात शिकवले आहे की नाही, तेही पाहावे.

दुसरे, उच्चार. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च लिहायला एक, उच्चारायला दोन. जगाचा 'जग' निराळा आणि 'सुखाने जग' ह्या आशीर्वादातला 'जग' निराळा. कार्यक्रमातील निवेदक, विशेषतः यंत्राने घडवलेला आवाज, हे दोन्ही एकाच ठशाने म्हणत असेल, तर मूल घरात ऐकलेल्या भाषेशी पडद्यावरच्या शब्दाचा संबंध जोडू शकणार नाही, आणि अक्षरावरून ओळखीच्या शब्दाकडे जाण्याचा पूल तेथेच खचेल.

तिसरे, र ची नाना रूपे. सूर्य, चक्र, राष्ट्र आणि वाऱ्यावर हे चार शब्द पडद्यावर नीट उमटतात का, आणि 'दर्या' व 'दऱ्या' ह्यांतला फरक निवेदक पाळतो का, एवढी एक चाचणी केली तरी मराठी आवृत्तीवर किती मेहनत घेतली आहे ह्याचा अंदाज येतो.

चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे, शिकवण्याचा क्रम. देवनागरीत मुलाला केवळ मूळ वर्ण शिकून भागत नाही. त्यांना काना, मात्रा, वेलांटी, उकार लागून आणि जोडाक्षरे होऊन जी शेकडो रूपे तयार होतात तीही आत्मसात करावी लागतात, आणि त्याला काही वर्षे जातात. म्हणून जाणते शिक्षक अ-आ-इ-ई पासून ज्ञ पर्यंतची पूर्ण रांग पाठ करून घेत बसत नाहीत. म, क, र, ल, ब असा एखादा अक्षरगट आणि त्यासोबत काना घेऊन 'काका', 'बाबा', 'कमल', 'काम कर' असे शब्द व वाक्ये मुलाच्या हाती लगेच देतात. कार्यक्रमाने आजवर जेवढी अक्षरे शिकवली, तेवढ्यांतूनच त्याच्या पुढच्या गोष्टीतील बहुतेक शब्द बनलेले आहेत का, हे कागदावर मांडून तपासावे. काना शिकवून झाल्यावर लागलीच 'प्रवाशांनी उत्सुकतेने' अशी ओळ समोर येत असेल, तर मूल वाचणार नाही, अंदाज करील. आणि अंदाजाची सवय एकदा अंगी मुरली की ती सोडवणे हे वाचन शिकवण्यापेक्षा कठीण काम होऊन बसते.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या मराठी मुलांसाठी इंग्रजी कार्यक्रम घेताना हीच कसोटी लावावी, आणि तीत आणखी एका प्रश्नाची भर घालावी: उलगडलेल्या शब्दाचा अर्थ मुलाला ठाऊक आहे का? ज्या शब्दाची वस्तू त्याने पाहिली नाही, ज्याचे नाव त्याने ऐकले नाही, तो शब्द अक्षरे जुळवून अचूक म्हटला तरी गुणाकारातील दुसरा अंक शून्यच राहतो.

दहा मिनिटांचा हिशेब

आता मूल कार्यक्रम वापरीत असताना त्याच्याशेजारी कागद-पेन्सिल व घड्याळ घेऊन दहा मिनिटे बसावे, आणि मध्ये काही न बोलता दोन रकान्यांत खुणा कराव्यात. मुलाने कोणाच्या मदतीवाचून स्वतः वाचलेला प्रत्येक शब्द पहिल्या रकान्यात. यंत्राने वाचून दाखवलेला, चित्रावरून ओळखता येण्याजोगा किंवा नुसता ओढून जागेवर बसवलेला प्रत्येक शब्द दुसऱ्यात. ह्याखेरीज गाणी, पात्रांच्या उड्या, तारे मोजणे आणि बाहुलीला कपडे चढवणे ह्यांत गेलेला वेळ घड्याळावर टिपून ठेवावा.

हा जमाखर्च पुष्कळदा डोळे उघडणारा ठरतो. दहा मिनिटांत पहिल्या रकान्यात पंधरा-वीस खुणा पडल्या असतील, तर तेवढे शब्द साध्या पुस्तकातील एका पानावर मूल दोन-तीन मिनिटांत वाचून मोकळे झाले असते. खेळाला माझी हरकत नाही. गंमत वाटल्याखेरीज सात वर्षांचे मूल कोणतेही काम चिकाटीने करीत नाही. परंतु बक्षीस वाचनाचे मिळते की बोट चालवण्याचे, हे पाहणे आपले काम आहे. त्याची परीक्षा सोपी आहे. आपण स्वतः डोळे मिटून, काहीही न वाचता, दहा प्रश्नांना वाटेल तेथे बोट लावावे. तीन पर्यायांपैकी एक बरोबर असेल तर नुसत्या योगायोगाने तीन-चार उत्तरे बरोबर येणारच. पण चूक झाल्यावर पुन्हा पुन्हा बोट मारायची मुभा असेल आणि अखेरीस दहापैकी दहा तारे पदरात पडत असतील, तर त्या ताऱ्यांना काय किंमत द्यायची ते वाचकांनीच ठरवावे.

चूक झाल्यावर कार्यक्रम काय करतो, इकडे तर फार बारकाईने पाहावे, कारण शिक्षकाची खरी परीक्षा तेथेच होते. मुलाने 'माळ' ला 'माकड' म्हटले, तर चांगला शिक्षक त्याची नजर दुसऱ्या अक्षरावर नेतो, 'मा' नंतर काय लिहिले आहे ते विचारतो आणि शब्द पुन्हा त्याच्याकडूनच वाचून घेतो. निव्वळ 'अरेरे' म्हणून योग्य उत्तर झळकवणारा आणि पुढे सरकणारा कार्यक्रम चूक मोजतो, सुधारीत नाही.

यंत्राचे कान

मुलाचा आवाज ऐकून वाचन तपासणारे कार्यक्रम आता मराठीतही आले आहेत. गुगलने मार्च २०१९ मध्ये 'बोलो' ह्या नावाने भारतात आणलेला आणि पुढे 'रीड अलाँग' झालेला कार्यक्रम ह्या प्रकारचा. त्यातील 'दिया' नावाचे पात्र मुलाचे मोठ्याने वाचणे ऐकते आणि अडलेला शब्द सांगते. ज्या घरात ऐकायला बसणारे मोठे माणूस नाही तेथे अशा सोयीचे मोल निःसंशय मोठे आहे, आणि मोठ्याने वाचायला लावणारा कार्यक्रम बोट मारायला लावणाऱ्यापेक्षा तत्त्वतः वरचढ आहे. पण हे कान कितपत तीक्ष्ण आहेत, ते जाणण्यासाठी आपणच काही मुद्दाम चुका कराव्यात. 'घर' असे लिहिलेले असता 'झाड' वाचावे. एक अख्खी ओळ गाळावी. शब्दाचा केवळ पहिला भाग उच्चारून थांबावे. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी वाजत असताना वाचावे. चुकीचे वाचन बरोबर म्हणून स्वीकारले गेले तर ते कान बहिरे. आणि बरोबर वाचन वारंवार नाकारले गेले तर ते कान दुष्ट, कारण आपले बरोबर असूनही चूक ठरते असे कळल्यावर मूल मोठ्याने वाचणेच सोडून देते.

बोलीचा प्रश्नही ह्यातच येतो. वऱ्हाडातील मूल 'डोळा' ह्या शब्दाला 'डोया' म्हणते, कितीतरी घरांत 'पाणी' चे 'पानी' होते. हे त्या मुलाच्या घरचे उच्चार आहेत, त्याचे वाचन चुकलेले नाही. शब्द त्याने अचूक ओळखला आहे आणि त्याचा अर्थही त्याला ठाऊक आहे. असा उच्चार ऐकून यंत्र लाल खूण करीत असेल, तर त्या गावच्या शाळेने तो कार्यक्रम घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

समजले की नाही

आकलनाचे प्रश्न बहुतेक सर्व कार्यक्रमांत असतात, पण त्यांपैकी किती प्रश्नांना आकलन लागते हा मुद्दा वेगळा. 'लिमूने गडूप चिंबले' हे निरर्थक वाक्य घ्या. लिमूने काय चिंबले? गडूप. कोणी चिंबले? लिमूने. दोन्ही उत्तरे अचूक आली आणि अर्थ मात्र कोणाच्याच बापाला कळला नाही! 'सखूने छत्री उघडली आणि बकरीला जवळ ओढले' ह्या वाक्यावर 'सखूने काय उघडले?' असे विचारणे ह्याच जातीचे आहे. उलट 'बाहेर काय चालले असेल?' किंवा 'सखू बकरीला का ओढते आहे?' असे विचारले की मुलाला वाक्याच्या आत शिरावे लागते. कार्यक्रमातील कोणतेही वीस प्रश्न उतरवून काढावेत आणि त्यांतील किती प्रश्नांचे उत्तर वाक्यातून जसेच्या तसे उचलता येते, ते मोजावे. निम्म्याहून अधिक प्रश्न तसे असतील तर आकलनाचे काम आपल्यालाच करावे लागणार, हे गृहीत धरून चालावे. त्यासाठी फार खटाटोपही नको. गोष्ट वाचून झाल्यावर टॅब्लेट पालथा ठेवावा आणि 'आता मला सांग बघू' एवढेच म्हणावे.

प्रगतिपत्रक, वर्गणी आणि मुलाची माहिती

पालकांना दर आठवड्याला जे रंगीत प्रगतिपत्रक येते त्यात '८५ टक्के' असा आकडा असला तर पहिला प्रश्न असा विचारावा: कशाचे ८५ टक्के? पुरे केलेल्या पाठांचे, बरोबर बोटांचे, की वाचलेल्या शब्दांचे? 'तुमच्या मुलाने ह्या आठवड्यात १४० मिनिटे वाचन केले' ह्या वाक्यातील मिनिटे पडदा उघडा असल्याची आहेत. वाचनाची मिनिटे आपल्या दहा मिनिटांच्या हिशेबावरून काढावीत. मुलाला कोणते अक्षर वा कोणते जोडाक्षर अडते, हे जे पत्रक सांगते तेच शिक्षकाच्या उपयोगाचे. बाकीचे भिंतीवर लावण्याचे.

पैशाच्या बाबतीत सावधगिरी हाच शहाणपणा. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांसाठी एक सूचनापत्रक काढून, शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांना खात्यातून आपोआप पैसे वळते करून घेण्याची मुभा देण्याचे टाळावे, असे बजावले होते. 'पहिला महिना मोफत' म्हणून कार्डाचा तपशील घ्यायचा आणि वर्गणी बंद करण्याची वाट मात्र दहा पडद्यांमागे दडवायची, ह्या प्रकाराला नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत 'वर्गणीचा सापळा' म्हणून अनुचित व्यापारी प्रथांत बसवलेले आहे. म्हणून नाव नोंदवण्याच्या आधी ते रद्द कसे करायचे ते शोधून पाहावे, अटींची प्रत आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवावी, आणि तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा.

माहितीचेही तसेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला मूल मानले आहे, आणि त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घेणे, तसेच मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांच्यावर नेम धरलेल्या जाहिराती न सोडणे, ही बंधने घातली आहेत. ती टप्प्याटप्प्याने अमलात येत असली तरी आपण कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. वाचन शिकवायला मुलाच्या फोटोची, घराच्या ठिकाणाची किंवा आईच्या फोनमधील नावांच्या यादीची गरज पडत नाही. जो कार्यक्रम ह्या गोष्टी मागतो त्याला नकार द्यावा, आणि नकार दिल्यावर तो चालायचाच थांबला तर तोही एक निकालच समजावा.

शाळेने निर्णय घेताना

शाळेपुढचा पहिला प्रश्न गणिताचा आहे. वर्गात तीस मुले आणि पाच टॅब्लेट असतील, तर तीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. आठवड्यातून चार तासिका दिल्या तरी अवघी वीस मिनिटे. 'रोज वीस मिनिटे वापरल्यास' असा प्रभाव सांगणाऱ्या जाहिरातीचा ह्या वर्गाशी काही संबंध उरत नाही. चार्जिंगची सोय, वीज जाण्याच्या वेळा, इंटरनेट नसताना कार्यक्रम चालतो की नाही, टॅब्लेट बिघडल्यावर दुरुस्ती कोणाच्या माथी, ह्या बाबी करारात लिहून घ्याव्यात. प्रात्यक्षिकाच्या दिवशी प्रतिनिधीचे इंटरनेट नेहमीच उत्तम चालते.

दुसरे, मंजुरी देण्यापूर्वी सहा-आठ आठवड्यांची चाचणी घ्यावी. प्रारंभी सर्व मुलांची कागदावर वाचनचाचणी. मग एका तुकडीला कार्यक्रम आणि तितकाच वेळ दुसऱ्या तुकडीला पुस्तके व शिक्षकाचे सान्निध्य. शेवटी त्याच पातळीच्या, पण नव्या उताऱ्यावर दोन्ही तुकड्यांची पुन्हा चाचणी. दुसरी तुकडी हवीच, कारण दोन महिन्यांत मुले काहीही न करता थोडी पुढे जातातच, आणि त्या नैसर्गिक वाढीचे श्रेय जो विकायला आला आहे तो स्वतःच्या खात्यावर जमा करतो. चाचणी कंपनीच्या टॅब्लेटवर घेऊ नये. जे यंत्र शिकवते त्यालाच परीक्षक नेमण्यात काय स्वारस्य? शिवाय ज्या मुलांना सर्वांत कमी येते त्यांचे काय झाले, ते वेगळे काढून पाहावे, कारण सरासरीच्या आडोशाला हीच मुले दडून राहतात.

विकत घेण्यापूर्वी जे फुकट आहे ते

वर्गणी भरण्यापूर्वी विनामूल्य सामग्री वापरून पाहणे हे व्यवहाराला धरून होईल. 'प्रथम बुक्स' ने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' वर चार पातळ्यांत लावलेली मराठी गोष्टींची पुस्तके आहेत, आणि ती मुक्त परवान्याखाली असल्यामुळे उतरवून घेण्यास, छापण्यास वा वर्गात वाटण्यास कोणाची परवानगी लागत नाही. 'बालभारती' ची पाठ्यपुस्तके ऑनलाइन मिळतात, आणि १९७१ पासून निघत असलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही मोफत वाचायला ठेवलेले आहेत. ह्यांत घंटा नाहीत आणि तारेही नाहीत. त्यामुळे वाचण्याचे काम अपरिहार्यपणे मुलाकडे येते, आणि शेजारी बसण्याचे आपल्याकडे.

शेजारी बसण्याचे हे काम कोणत्याही कार्यक्रमाने संपत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे शिक्षण उभे केले, त्यात शंखशिंपले, बिया, पाने अशा परिसरातच सापडणाऱ्या वस्तू साधने म्हणून वापरल्या. साधनाची किंमत तेथे कोणी विचारली नाही, मूल त्याने काय करते एवढेच पाहिले. टॅब्लेटलाही हाच न्याय लावावा. ते चांगले साधन असू शकते, विशेषतः पुस्तके दुर्मिळ असतील तेथे, पण दिवसाला पंधरा-वीस मिनिटांपुरते, आणि त्यानंतर तितकाच वेळ छापील पान व ऐकणारे माणूस लाभत असेल तर.

शेजाऱ्यांची नात सुट्टी संपवून आपल्या घरी गेली. जाण्यापूर्वी रोज संध्याकाळी आम्ही त्या यादीच्या पाठीवर पाच-सहा शब्द लिहीत असू. 'मासा' तिने तिसऱ्या दिवशी चित्रावाचून वाचला, 'माळ' त्याच्याही आधी. कार्यक्रमाची वर्गणी ह्या मे महिन्यात संपते आहे. ती पुन्हा भरायची की नाही, हे ताऱ्यांवरून न ठरवता, कोऱ्या कागदावर कधी न दाखवलेले दहा शब्द लिहून त्यांवरून ठरवायचे, असे तिच्या आईने मला कळवले आहे. वाचकांनीही निर्णयापूर्वी एवढे अवश्य करावे. त्याला एक कागद, एक पेन्सिल आणि पाच मिनिटे लागतात.